ध्यानाने मेंदू खरोखर बदलतो का?

सकाळी मोबाइल उघडला की ‘सुप्रभात’च्या फुलांखाली हमखास एक संदेश सापडतो : रोज अर्धा तास ध्यान करा, आठ आठवड्यांत तुमचा मेंदू बदलेल. सोबत मेंदूचे चित्र, त्यावर लाल-पिवळे ठिपके आणि खाली ‘हार्वर्डचे संशोधन’ अशी मोहोर. संदेश अगदीच बिनबुडाचा नाही. हार्वर्डशी संलग्न असलेल्या बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात असे संशोधन खरोखर झाले होते. मात्र ते २०११ सालचे आहे, आणि त्यानंतर काय घडले ते संदेश पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले नाही.

हा नुसता कुतूहलाचा विषय असता तर सोडूनही देता आला असता. पण त्याचे परिणाम सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दिसतात. चिंतेच्या किंवा नैराश्याच्या विकारासाठी गोळ्या घेणारा, नुकतेच बरे वाटू लागलेला रुग्ण विचारतो, ‘‘डॉक्टर, ध्यानाने मेंदूच सुधारतो म्हणतात. मग गोळी बंद करू का?’’ हा निदान विचारतो तरी. न विचारता बंद करणारे काही महिन्यांनी येतात, आणि बहुतेकदा त्यांना घरचे लोक धरून आणतात. दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात, ‘असल्या गोष्टींना काही अर्थ नाही’ म्हणून ध्यानाचे नावही न घेणारे. दोघांनाही देण्यासारखे उत्तर विज्ञानाकडे आहे, पण ते एका वाक्यात बसणारे नाही.

आधी हे ‘माइंडफुलनेस’ म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला सजगता म्हणतात. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याकडे लक्ष द्यायचे. मन भटकले की ‘भटकले’ एवढे ओळखायचे आणि स्वतःवर न चिडता लक्ष पुन्हा श्वासावर आणायचे. मन रिकामे करणे, विचार थांबवणे असे यात काही नाही. भटकणे आणि परत आणणे हाच व्यायाम आहे. दुसरा प्रकार म्हणजे शरीरभर, एकेका अवयवावरून, सावकाश लक्ष फिरवत जाणे आणि तिथे जे जाणवेल ते नुसते पाहणे. इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही, आणि त्याला कारणही आहे.

१९५५ मध्ये रंगूनमधील एक तरुण व्यापारी अर्धशिशीने हैराण होता. मॉर्फिनची इंजेक्शने घेण्यापर्यंत वेळ आली होती. औषधोपचार करून थकल्यावर तो ऊ बा खिन या ध्यानगुरूंकडे गेला. हे गुरू सरकारी हिशेब खात्यातील मोठे अधिकारी होते. तो व्यापारी म्हणजे सत्यनारायण गोयंका. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. त्याआधी बोधगयेला त्यांच्या शिबिरांत बसलेल्या परदेशी तरुणांत जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग हे दोघे होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॅरी या लहान गावी विपश्यनेचे केंद्र काढले. त्याच राज्यातील वूस्टर शहरात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट पाठदुखी आणि तशाच चिवट दुखण्यांचे जे रुग्ण डॉक्टरांच्याही हाताबाहेर गेले होते, ते त्याच्याकडे पाठवले जात. त्याने ध्यानाची रीत ठेवली, धर्माची भाषा काढून टाकली, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज पाऊण तास घरचा सराव असा साचा बांधला. हाच आज जगभर ‘एमबीएसआर’ म्हणून ओळखला जातो. ठरावीक कालावधी आणि ठरावीक पाठ असल्यामुळे संशोधकांची मोठी सोय झाली. औषधाचा डोस मोजावा तसा ध्यानाचा डोस मोजता येऊ लागला.

मेंदूच्या रचनेचा प्रश्न पुढे आला तो २००५ मध्ये. बोस्टनमधील सारा लाझर यांनी २० अनुभवी साधकांचे एमआरआय काढले आणि ध्यान न करणाऱ्या १५ जणांशी त्यांची तुलना केली. साधक कोणी संन्यासी नव्हते. नोकरी-घर सांभाळून रोज सरासरी ४० मिनिटे बसणारे, साधारण नऊ वर्षांचा सराव असलेले लोक होते. त्यांच्या मेंदूच्या बाह्य थराचे दोन भाग अधिक जाड दिसले : कपाळामागचा भाग, जो लक्ष आणि निर्णय सांभाळतो, आणि इन्सुला, जिथे श्वास, हृदयाचे ठोके, पोटातला गोळा अशा आतल्या संवेदना नोंदल्या जातात. वयाबरोबर हा थर पातळ होत जातो. साधकांत तो कमी पातळ होत असावा, असाही अंदाज त्यात होता. बातमी जगभर गेली.

वैज्ञानिकांना ती पटण्याजोगी वाटली, कारण पूर्वतयारी झालेली होती. प्रौढ मेंदू घडीव दगडासारखा असतो, एकदा घडला की घडला, ही जुनी समजूत तोवर मोडीत निघाली होती. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ असावे लागतात. २००० साली तिथल्या १६ चालकांच्या मेंदूंची तपासणी झाली तेव्हा हिपोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित अवयवाचा मागचा भाग त्यांच्यात मोठा आढळला. नंतर उमेदवारांना परीक्षेआधी आणि काही वर्षांनी परीक्षेनंतर तपासले, तेव्हा उत्तीर्ण झालेल्यांत ही वाढ झाली होती, नापास झालेल्यांत नाही. २००४ मध्ये जर्मनीत काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत राहण्याची कसरत तीन महिने शिकवली. हलत्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या भागात करडा पदार्थ वाढलेला दिसला, आणि सराव सोडल्यावर पुढच्या तीन महिन्यांत बराचसा ओसरला.

ताणाचा पुरावा तर आपल्याच देशातला आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही अशा अवस्थेत ठेवले. मग चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हिपोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. अमिग्डाला या भयाचा इशारा देणाऱ्या बदामाएवढ्या भागात मात्र उलटे घडले होते, तिथे फांद्या फोफावल्या होत्या. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्याच गटाने उंदरांना तीन आठवडे सुखात राहू दिले. हिपोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डाला झाला नाही. ज्या माणसाचा वाईट काळ संपलेला असतो तरी दारावरची बेल वाजली की छातीत धस्स होते, त्याच्याकडे पाहताना हा प्रयोग आठवावा असा आहे.

ताण मेंदूची अशी मोडतोड करत असेल तर ताण उतरवणारी गोष्ट ती दुरुस्त करत असेल, हा तर्क साहजिक होता. २०१०-११ मध्ये ब्रिटा होल्झेल, लाझर आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. एमबीएसआरचे आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या १६ जणांचे आधीचे आणि नंतरचे एमआरआय, ध्यान न करणाऱ्या १७ जणांशी तुलना. साधकांच्या डाव्या हिपोकॅम्पसमध्ये आणि आणखी काही भागांत करड्या पदार्थाची घनता वाढलेली आढळली. त्याआधीच्या एका अभ्यासात, ज्यांचा ताण अधिक उतरला त्यांच्या उजव्या अमिग्डालाची घनता अधिक घटलेली होती. बंगळूरुच्या उंदरांचे चित्र जणू उलट्या दिशेने फिरवलेले. मोबाइलवरचा संदेश जन्मला तो इथे.

आता शंका. पहिली संख्येची. १६ आणि १७ माणसांच्या अभ्यासात योगायोगाने काहीही दिसू शकते. रक्तदाबाच्या नव्या गोळीसाठी एवढा पुरावा घेऊन कोणी आले तर त्याला दारातूनच परत पाठवतील. दुसरी निवडीची. कोण ध्यान करणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. आपणहून नाव नोंदवणारा माणूस त्याच वेळी लवकर झोपू लागतो, चालायला जातो, दारू कमी करतो. फरक पडला तर तो कशाने, हे कसे सांगणार? लाझर यांच्या पहिल्या अभ्यासात तर प्रश्न आणखी मुळातला होता. ध्यानाने मेंदू तसा झाला, की तसा मेंदू असलेले लोकच नऊ वर्षे टिकून ध्यान करतात? बाकीचे दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे.

तिसरी शंका यंत्राची, आणि ती गमतीदार आहे. एमआरआय चेतापेशी मोजत नाही. तो पाण्याच्या रेणूंच्या संदेशांवरून चित्र उभे करतो आणि त्या चित्रावरून संगणक थराची जाडी ठरवतो. तपासणीत डोके जरासे हलले तर चित्र किंचित पुसट होते आणि करडा थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. आता पाऊण तास निश्चल बसण्याचा सराव असलेला माणूस त्या खडखडाटी बोगद्यात अधिक स्वस्थ पडून राहणार, हे उघड आहे. म्हणजे मेंदू तोच असला तरी एखादा केसभर ‘जाड’ दिसू शकतो, केवळ तो हलला नाही म्हणून.

या शंकांचे निरसन करायचे तर अभ्यास मोठा हवा आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले हवेत. तो झाला, आणि ज्यांनी केला त्यांना ध्यानाचे विरोधक म्हणता येणार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रिचर्ड डेव्हिडसन हे ध्यानाच्या मेंदूविज्ञानातले सर्वांत मोठे नाव. १९७० च्या दशकात विद्यार्थी असताना ते भारतात आले होते, हिमाचलातील डलहौसीला गोयंकांच्या शिबिरात बसले होते. पुढे दलाई लामांशी त्यांचा स्नेह जुळला आणि तिबेटी भिक्खूंच्या मेंदूतील विद्युतलहरी त्यांनी प्रयोगशाळेत मोजल्या. आयुष्यभर या विषयावर काम केलेल्या माणसाला निकाल कोणता आवडला असता, हे सांगायला नको.

त्यांच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये दोन चाचण्यांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. पूर्वी कधीही ध्यान न केलेले २१८ जण. त्यांतील ७५ जणांना एमबीएसआर. ७३ जणांना तेवढ्याच कालावधीचा आरोग्यवर्धनाचा दुसरा अभ्यासक्रम, ज्यात व्यायाम, आहार, संगीत होते पण ध्यान नव्हते. ७० जण नुसतेच प्रतीक्षा यादीत. सर्वांचे एमआरआय आधी आणि नंतर. करड्या पदार्थाचे आकारमान पाहिले, घनता पाहिली, थराची जाडी पाहिली. संपूर्ण मेंदूत शोधले, आणि जुन्या अभ्यासांत ज्या भागांत बदल सांगितले होते तिथे मुद्दाम शोधले. तिन्ही गटांत फरक सापडला नाही. आणि त्यांनी तसे, लेखाच्या शीर्षकातच, लिहिले.

विज्ञानाच्या बातम्यांत असा प्रामाणिकपणा क्वचित वाचायला मिळतो. पण ‘मेंदू बदलला नाही’ ही बातमी कोणी पुढे पाठवत नाही, म्हणून २०११ चा संदेश अजून फिरतो आहे.

याचा अर्थ ध्यानाने मेंदूत काहीच होत नाही असा कोणी काढील, तर तोही चुकेल. हा निकाल आठ आठवड्यांच्या, नवशिक्या सरावापुरता आणि एमआरआयला दिसू शकेल अशा रचनेपुरता आहे. हजारो तास बसलेल्यांच्या मेंदूंत काही भाग वेगळे दिसतात, असे एकापेक्षा अधिक अभ्यासांत आढळले आहे. अंडे आधी की कोंबडी, हा प्रश्न तिथे तेवढा शिल्लक आहे. शिवाय रचना तीच राहून कामाची पद्धत बदलू शकते. घराच्या भिंती न हलवताही कोणत्या खोलीत दिवा लावायचा ही सवय बदलता येते. मन भटकत असताना मेंदूतील जे जाळे जागे असते ते अनुभवी साधकांत ध्यानाच्या वेळी शांत राहते, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात १५ जणांना अवघे चार दिवस ध्यान शिकवून पोटरीला चटका देणारी गरम पट्टी लावली. ध्यान करताना वेदना कमी जाणवल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्रास वाटणे तर निम्म्याहून कमी झाले. हाही अभ्यास लहानच आहे, हे विसरू नये.

रुग्णाच्या दृष्टीने मात्र यातले काहीच महत्त्वाचे नाही. हिपोकॅम्पस किती घन मिलिमीटर वाढला याची त्याला काय पडली आहे? रात्री झोप लागते का, बस चुकली म्हणून हात थरथरतात का, मुलांवर ओरडणे कमी झाले का, हे त्याचे प्रश्न. आणि या बाबतीतला पुरावा रचनेच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने ४७ चाचण्यांचा, ३,५१५ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक पण खरी सुधारणा आढळली. ध्यान हे औषधांहून किंवा व्यायामाहून सरस ठरल्याचे मात्र आढळले नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एकाला एमबीएसआर, दुसऱ्याला एस्सिटॅलोप्राम, म्हणजे आपल्याकडेही रोज लिहून दिली जाणारी गोळी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. दुष्परिणाम गोळीच्या गटात बरेच जास्त होते.

हे वाचून गोळीची पट्टी कचऱ्यात टाकण्याआधी थांबावे. त्या चाचणीतले लोक मोबाइलवरच्या ॲपवर दहा मिनिटे डोळे मिटत नव्हते. ते दर आठवड्याला प्रशिक्षित शिक्षकासमोर अडीच तास बसत आणि घरी रोज पाऊण तास सराव करत. शिवाय कोणाला कोणता उपचार सुरू करायचा हे तपासणीनंतर ठरले होते. कोणाचीही चालू गोळी मध्येच तोडलेली नव्हती.

गोळी कमी करण्याचाही अभ्यास झाला आहे. वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांवरील ब्रिटनमधला हा अभ्यास २०१५ मध्ये आला. एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या. दुसऱ्याला ध्यानावर आधारित मानसोपचार दिला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी करण्यास मदत केली. दोन वर्षांत गोळ्यांच्या गटात ४७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, ध्यानाच्या गटात ४४ टक्के. म्हणजे ध्यान गोळीच्या तोडीचे ठरले, वरचढ नाही, आणि दोन्हीकडे जवळजवळ निम्म्यांना आजाराने पुन्हा गाठलेच. यातला ‘देखरेखीखाली, हळूहळू’ हा भाग पुढे पाठवलेल्या संदेशांतून नेमका गळतो. नैराश्याची गोळी एकदम थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणे, जीव घाबरा होणे असा त्रास होऊ शकतो, आणि तो आजारच परत आला असे वाटून माणूस खचतो.

ध्यान सगळ्यांना सारखे मानवते असेही नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत काही शाळांत वर्गात सजगता शिकवून पाहिली; नेहमीच्या शिकवण्याहून त्यात काही जास्त लाभ दिसला नाही. काहींना डोळे मिटून बसले की अस्वस्थता वाढते, जुने आघात उसळून वर येतात. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा, म्हणजे बायपोलर, विकार असलेल्यांनी दहा-दहा दिवस मौनात, रोज दहा तास बसणे धोक्याचे ठरू शकते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, आणि विपश्यना हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, असे गोयंकांच्या परंपरेतील केंद्रे स्वतःच नियमावलीत स्पष्ट सांगतात. तरीही अर्जात आजार लपवला जातो. लग्नाच्या बोलण्यात लपवला जातो, तसाच.

बाकीच्यांनी करून पाहायला काहीच हरकत नाही. खर्च नाही, सतरंजी पुरते, गुडघे दुखत असतील तर खुर्ची. पहिल्या दिवशी दहा मिनिटे. मन पन्नास वेळा भटकले तर पन्नास वेळा परत आणले एवढाच त्याचा अर्थ. महिनाभर करून झोप, चिडचिड, भूक यांत काय फरक पडला ते घरच्यांना विचारावे, कारण तो आधी त्यांना दिसतो. फरक नसेल तर रोज अर्धा तास झपाझप चालण्याचा पर्याय आहेच, तोही चिंतेवर उपयोगी आहे. आणि ज्याची गोळी चालू आहे त्याने ती चालू ठेवून बसावे. काही महिने बरे गेले की पुढच्या तपासणीला केसपेपर घेऊन यावे आणि ‘मी ध्यान करतो आहे, डोस कमी करता येईल का’ असे सरळ विचारावे. रुग्णालय लांब असेल, किंवा रात्री-अपरात्री जीव कासावीस झाला, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.